दुष्काळात आईवडील गमावले, दुष्काळातल्याच मुलींच्या आई झाल्या : पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. सोळाव्या वर्षी दुष्काळात आईवडील उपासमारीनं गेले, मग थोरली बहीणही. भूक काय असते, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

१८८३ मध्ये इंग्लंडात त्या ख्रिस्ती झाल्या. पुढं पुण्यातल्या त्यांच्या शारदा सदनातून बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. टीका तर फारच झाली, पण बाई हटल्या नाहीत. १८९६-९७ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला. देवानंच बोलावलंय असं मानून त्या स्वतः गेल्या अन् शेकडो मुली घेऊन आल्या. दौंड तालुक्यात केडगावला त्यांच्यासाठी मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळात आपल्या तलासरीला लागून असलेल्या गुजरातेतल्या मुलीही तिथं आल्या. शेती, विणकाम, छपाई शिकल्या.

बाई १९२२ मध्ये गेल्या. केडगावचं काम आजही चालू आहे.