तुरटीचा खडा आणि रेल्वेवेडे प्रोफेसर

तुरटी म्हटलं की तुम्हाला दाढीनंतर गालावर फिरवायचा पांढरा खडा आठवेल. तिची जांभळी बहीण म्हणजे क्रोम तुरटी. जॉन व्हॅन व्लेक यांना तिनं भरपूर छळलं.

त्यांचा जन्म १८९९चा, अमेरिकेतला. वडील गणिताचे प्राध्यापक. १९२२मध्ये हार्वर्डची पीएचडी आणि १९३४पासून तिथेच नोकरी. रेल्वेचं वेड इतकं, की गाड्यांची वेळापत्रकं तोंडपाठ!

आता तुरटीकडे या. तिच्यातला क्रोमियमचा प्रत्येक आयन म्हणजे एक इवलासा चुंबक. त्याच्याकडची जादा ऊर्जा स्फटिकातल्या अणूंच्या थरथरीत जाते. पण थरथर आणि चुंबकत्व यांचा संबंध काय? स्वीडनच्या इव्हार वालर यांनी १९३२मध्ये सांगितलं, की अणू हलले की शेजारच्या चुंबकांमधलं अंतर बदलतं. पटण्यासारखं आहे, पण त्या हिशेबानं ऊर्जा जायला प्रत्यक्षापेक्षा फारच जास्त वेळ लागायला हवा होता.

मग १९३९मध्ये क्रोनिग आणि १९४०मध्ये व्हॅन व्लेक यांनी दुसरी वाट दाखवली. आयनभोवती पाण्याचे सहा रेणू असतात. ते हलले की आयनभोवतीचं विद्युत क्षेत्र बदलतं. स्पिनला, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या अंगच्या चुंबकत्वाला, त्याचं थेट काही देणंघेणं नाही. पण इलेक्ट्रॉनच्या कक्षेला आहे, आणि स्पिन त्या कक्षेशी बांधलेला. म्हणजे निरोप मध्यस्थामार्फत!

तरी द्रव हेलियमच्या कडाक्याच्या थंडीत आकडे जुळेनात. इथे व्हॅन व्लेक मला सगळ्यात आवडतात. १९४१मध्ये त्यांनी, स्वतःसकट सगळ्यांनी धरून चाललेल्या गोष्टीलाच हात घातला. थरथर कितीही ऊर्जा सहज पोटात घेईल, हे कशावरून? थंडीत स्पिनची ऊर्जा घेतात त्या फक्त नेमक्या त्याच वारंवारतेच्या लहरी, आणि त्या असतात मोजक्याच. गर्दीच्या वेळी फलाट भरलेला आणि पुलाचा जिना एकच अरुंद, अशी अवस्था. या कोंडीला आज ‘फोनॉन बॉटलनेक’ म्हणतात. क्वांटम कॉम्प्युटरसाठी स्पिन वापरायचा, तर तो ऊर्जा किती वेळ धरून ठेवतो हा प्रश्न आजही टळत नाही.

१९७७मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी, त्यांना चुंबकत्वावरच्या कामासाठी नोबेल मिळालं. सोबत होते नेव्हिल मॉट आणि फिलिप अँडरसन. यातले अँडरसन त्यांचेच पीएचडीचे विद्यार्थी. तीन वर्षांनी, ऑक्टोबर १९८०मध्ये, व्हॅन व्लेक गेले.