कमलाबाई सोहोनी आणि वर्णपटातील पट्टे

दुर्गाबाई भागवतांचे नाव ठाऊक नसलेला मराठी वाचक विरळा. त्यांच्या धाकट्या भगिनी कमलाबाई मात्र बहुतेकांना केवळ त्यांची बहीण म्हणूनच परिचित असतात. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही रसायनज्ञ, बंगलोरच्या टाटा विज्ञानसंस्थेतून बाहेर पडलेले. 1933 साली मुंबई विद्यापीठाची पदवी मिळताच कमलाबाईंनी त्याच संस्थेकडे अर्ज केला. संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी स्त्री म्हणून तो नाकारला. कमलाबाईंनी सत्याग्रहाचा मार्ग धरला, तेव्हा एक वर्षाच्या अटीवर प्रवेश मिळाला. प्रकाशाच्या प्रकीर्णनावर नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या, वर्णपटातील सूक्ष्म भेद वाचणाऱ्या या थोर पुरुषाला समोरच्या विद्यार्थिनीची योग्यता वाचता येऊ नये, हे विलक्षणच. पुढे त्यांचे मत पालटले, हेही नमूद केले पाहिजे.

त्याच वर्णपटाने कमलाबाईंना केंब्रिजमध्ये हात दिला. सायटोक्रोम हे लोहाचे जटिल संयुग वाहणारे प्रथिन. त्यातील लोहाला इलेक्ट्रॉन मिळाला की सायटोक्रोम-सीच्या वर्णपटात 550 नॅनोमीटरजवळ रेखीव शोषणपट्टा उमटतो. इलेक्ट्रॉन गेला की तो मावळतो. पेशीतील श्वसनाचा व्यवहार असा प्रकाशातून पाहता येतो, हे कीलिन यांनी 1925 साली दाखविले होते. वनस्पतींतही हीच यंत्रणा चालते, हे कमलाबाईंनी बटाट्याच्या ऊतकांवर काम करून सिद्ध केले. 1939 साली रॉबिन हिल यांच्यासमवेत त्यांनी ते ‘नेचर’मध्ये मांडले. मॉलिब्डेनमसारख्या इतर धातूंच्या संयुगांचा अभ्यासही वर्णपटावरूनच होतो; वनस्पतींतील नायट्रेट रिडक्टेज या एंझाइमात तर लोह आणि मॉलिब्डेनम एकत्र नांदतात.

त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पृष्ठांचा. आम्हां साहित्याच्या अभ्यासकांची प्रस्तावनाही एवढ्यात आटोपत नाही!

1939 साली मायदेशी परतल्यावर त्या दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायन विभागाच्या प्रमुख झाल्या. मयूर विहारहून यमुना ओलांडून कनॉट प्लेसकडे जाताना आजही ते महाविद्यालय जवळच लागते. आमच्या या वसाहतीचा तेव्हा मागमूसही नव्हता. त्यानंतर कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा, 1947 साली विवाह आणि मुंबईची विज्ञानसंस्था. तेथे त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर केलेले काम आदिवासी मुलांच्या व गर्भवती स्त्रियांच्या उपयोगी पडले. त्या संस्थेचे संचालकपद मात्र त्यांना विलंबानेच लाभले.

1998 साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार योजिला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि अल्पावधीतच निवर्तल्या.