चित्रमहर्षी दादासाहेब फाळके

इ. स. १९१० च्या सुमारास मुंबईतील गिरगावात ख्रिस्ताच्या जीवनावरील एक मूकपट दाखविला जात होता. मूकपट म्हणजे ज्यातील पात्रे बोलत नाहीत असा चित्रपट. पाथे, गोमाँ या फ्रेंच कंपन्यांनी या विषयावर चित्रपट काढले होते. ख्रिस्ताच्या मस्तकी काट्यांचा मुकुट घातला जातो, तो प्रसंगही त्यांत असे. गिरगावातील प्रेक्षकांत चाळिशीचे धुंडिराज गोविंद फाळके बसले होते. पडद्यावर ख्रिस्त दिसत होता. त्यांच्या मनापुढे मात्र गोकुळातील कृष्ण आणि अयोध्येचा राम उभे राहिले. आपले देव पडद्यावर का दिसू नयेत, या विचाराने त्यांना पुरते घेरले.

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे ते शिकले. गोध्र्याला छायाचित्रकार म्हणून काम करीत असता प्लेगने त्यांची पहिली पत्नी व मूल हिरावून नेले. पुढे त्यांनी छापखाना काढला, परंतु भागीदारांशी मतभेद होऊन तोही सोडावा लागला.

आता चित्रपटाचा ध्यास लागला. मिळतील ते चित्रपट ते पुनःपुन्हा पाहत, रात्री जागून प्रयोग करीत. त्या ताणाने त्यांची दृष्टीच गेली! डॉक्टरांच्या उपचारांनी ती परत आली, पण ध्यास काही सुटला नाही. विम्याचे कागद गहाण ठेवून १९१२ मध्ये ते लंडनला गेले आणि चित्रपटनिर्मितीचे तंत्र पाहून, कॅमेऱ्याची व्यवस्था करून परतले.

मात्र पैसे कोण देणार? नुसत्या बोलण्यावर सावकार विश्वास ठेवीनात. तेव्हा फाळके यांनी कुंडीत वाटाण्याचे बी पेरले, कॅमेरा समोर ठेवला आणि दिवसामागून दिवस नियमाने त्याची थोडी थोडी चित्रे घेतली. ती सलग दाखविताच महिनाभराची वाढ पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर क्षणांत घडली. अंकुर फुटला, रोप वर चढले! या चिमुकल्या चित्रपटाने, मोठ्या भाषणांना जे साधले नसते ते साधले. कर्ज मिळाले.

उरलेला भार पत्नी सरस्वतीबाईंनी उचलला. त्यांनी दागिने दिले, साऱ्या मंडळींचा स्वयंपाक केला आणि फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे ही कामेही शिकून घेतली. या कथेत त्यांचे नाव अनेकदा मागे राहते, हे योग्य नव्हे.

स्त्रिया अभिनयास तयार नव्हत्या. म्हणून तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या तरुणाने केली. रोहिदास झाला फाळके यांचाच मुलगा भालचंद्र. ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात लागला. कॉरोनेशन म्हणजे राज्यारोहण. आणि त्या नावाच्या चित्रपटगृहात लोक पाहत होते, दिलेल्या शब्दासाठी मुकुट उतरवून ठेवणाऱ्या राजाची कथा!

पुढे 'लंकादहन' (१९१७) आणि 'कालिया मर्दन' (१९१९) यांनी फार मोठी लोकप्रियता मिळविली. 'कालिया मर्दन'मध्ये बालकृष्ण झाली त्यांची मुलगी मंदाकिनी. गिरगावात मनाशी पाहिलेला कृष्ण आता पडद्यावर होता.

बोलपट आल्यावर मात्र त्यांचा काळ ओसरला. 'गंगावतरण' (१९३७) हा त्यांचा शेवटचा चित्रपट ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले.