श्रीमंत प्रतापसिंह महाराज आणि वेदोक्ताचा वाद

सज्जनहो, नीरास्नान आटोपून माउलींची पालखी ज्या मुलखात शिरते, त्या साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराज होऊन गेले. जन्म इ. स. १७९३ चा. बाळपण पेशव्यांच्या नजरकैदेत गेले. १८१८ त आष्टीच्या लढाईनंतर इंग्रजांनी त्यांना गादीवर बसविले. १८१९ च्या तहाने राज्य मिळाले खरे, पण दोरी कंपनीच्या हाती. महाराजांनी शाळा काढल्या, रस्ते केले, तळी बांधली. ते सारे सांगत बसलो तर पूर्वरंगच संपावयाचा नाही.

खरी कथा वेदोक्ताची. संस्कार वेदमंत्रांनी झाला तर वेदोक्त, पुराणातील मंत्रांनी झाला तर पुराणोक्त. कलियुगात क्षत्रिय उरलेच नाहीत, तेव्हा मराठे नि प्रभू यांस पुराणोक्तच, असे म्हणणारा शास्त्रीमंडळींचा एक पक्ष होता. अहो, ज्या शिवछत्रपतींना गागाभट्टांनी १६७४ त वैदिक मंत्रांनी अभिषेक केला, त्यांच्याच गादीवर बसणाऱ्याला हा प्रश्न! सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन गणपतीचे थोर भक्त, कर्तबगार पुरुष. पण प्रभूंच्या वेदोक्ताविरुद्ध त्यांनी कंबर बांधली. महाराजांनी १८३० च्या सुमारास साताऱ्यात पंडितांची सभा भरविली, शास्त्रार्थ करविला आणि वेदोक्ताचा पक्ष उचलून धरला.

एवढ्याने मिटले का? नाही. वाद साहेबाच्या कचेरीपर्यंत गेला. मुंबई इलाख्यात १८२७ च्या कायद्यानेच ठरले होते की, जातीच्या तंट्यात दिवाणी कोर्टाने पडू नये. ऐकायला बरे वाटते. पण सरकारने हात झटकले की ज्याच्या पदरी सत्ता नि पैसा, त्याचेच फावते.

पुढे गोव्याच्या फिरंग्यांशी संधान बांधल्याचा वगैरे आळ घेऊन, कबुली लिहून द्या, असा महाराजांना आग्रह झाला. त्यांनी साफ नाकारले. १८३९ त गादी गेली, काशीची वाट धरावी लागली. सेनापती बाळासाहेब भोसले वाटेतच वारले. पुढे त्यांच्याच मुलाला महाराजांनी दत्तक घेतले. १८४७ त काशीसच देह ठेवला.

धाकटे बंधू शहाजीराजे १८४८ त गेले; मरतेसमयी त्यांनीही दत्तक घेतला. डलहौसीने दत्तक मानला तो घरच्या मालमत्तेपुरता, राज्यापुरता नव्हे. धर्मशास्त्रात दत्तक म्हणजे पुत्रच, पिंड देणारा. सरकारदरबारी मात्र पिंडाचा पुत्र निराळा आणि गादीचा निराळा ठरला. महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते, तेही प्रभूच, चौदा वर्षे विलायतेत भांडून १८५३ त रिकाम्या हाती परतले.