ज्यूल ब्लॉक

ज्यूल ब्लॉक (१ मे १८८० – २९ नोव्हेंबर १९५३) हे फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ होते. मराठीच्या ऐतिहासिक व्याकरणाचा पाया घालणाऱ्या अभ्यासकांत त्यांची गणना होते.

जीवन

ब्लॉक यांचा जन्म पॅरिस येथे झाला. सिल्व्हाँ लेव्ही यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे, तर आंत्वान मेये यांच्याकडे तौलनिक भाषाशास्त्राचे अध्ययन केले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ते अभ्यासासाठी भारतात आले. मराठी भाषेच्या घडणीवरील त्यांचा प्रबंध १९१४ सालचा. ग्रंथरूपाने तो महायुद्धानंतर, १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी त्याचा मराठी अनुवाद केला. सुनीतिकुमार चतर्जी व धीरेंद्र वर्मा हे ब्लॉक यांचे भारतीय विद्यार्थी होत. १९३७ मध्ये ते कोलेज द फ्रांस या संस्थेत प्राध्यापक झाले.

क्रियापदे व उच्चार

ब्लॉक यांच्या मातृभाषेत क्रियापदाचे लेखन व उच्चार यांत मोठे अंतर आहे. ‘बोलणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदाची ‘मी बोलतो’, ‘तू बोलतोस’ व ‘ते बोलतात’ ही वर्तमानकाळी रूपे निरनिराळी लिहिली जातात. सुट्या उच्चारात मात्र तिन्ही ‘पार्ल्’ अशी एकाच अवयवाची (एका स्वराभोवती जुळलेल्या उच्चारखंडाची) ठरतात. ‘आम्ही बोलतो’ या रूपात शेवटी अनुनासिक ओकार येतो व अवयव दोन होतात.

मराठीतही असे घडते, याकडे सहसा लक्ष जात नाही. ‘बोलतात’ हे चार अक्षरांत लिहितात, पण उच्चार ‘बोल्-तात्’ असा दोनच अवयवांचा होतो. संस्कृत ‘चलति’, प्राकृत ‘चल्लइ’ आणि मराठी ‘चाले’ या क्रमात तीन अवयवांचे दोन झालेले दिसतात. शब्दान्तीचे स्वर असे कसे झिजले, याची मांडणी ब्लॉक यांच्या ग्रंथात आहे.

वऱ्हाडशी संबंध

अमरावती-अकोल्याकडील वऱ्हाडी बोलीत ‘पळतो’चे ‘पयतो’ होते: ळकाराच्या जागी यकार येतो, परंतु ‘पय्-तो’ हे अवयव दोनच राहतात. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये निघाल्याने वऱ्हाडीचे नमुने अभ्यासकांना उपलब्ध झाले होते. जुन्या गद्याची स्थिती वेगळी होती. अमरावती जिल्ह्यातील ऋद्धपूर येथे म्हाइंभटांनी सिद्ध केलेले ‘लीळाचरित्र’ ह. ना. नेने यांनी १९३० च्या दशकात छापले. ब्लॉक यांचा ग्रंथ त्याआधीचा असल्याने बोलण्याच्या अधिक जवळ असलेली ही क्रियापदरूपे छापील स्वरूपात त्यांच्यासमोर नव्हती. ग्रंथातील प्राचीन मराठीची चर्चा वाचताना ही उणीव ध्यानात ठेवावी लागते.