तोंडाचा कॅन्सर नेमका तिथेच का होतो, हे शोधणारे डॉ. खानोलकर

सातारा-सांगलीकडच्या घरांत मशेरी काही नवी नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटाने दातांना लावायची. अशा सवयींचा आणि कॅन्सरचा संबंध आज सगळ्यांना माहिती आहे. पण तो पुराव्यानिशी मांडणाऱ्यांत एक मराठी माणूस फार आधीपासून होता.

डॉ. वसंत रामजी खानोलकर. जन्म १३ एप्रिल १८९५ चा. लंडनमधून पॅथॉलॉजीत एमडी करून ते मुंबईत आले, मेडिकल कॉलेजात शिकवू लागले. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं आणि तिथल्या प्रयोगशाळा त्यांच्याकडे आल्या.

पॅथॉलॉजिस्टचं काम म्हणजे गाठीचा तुकडा मायक्रोस्कोपखाली बघणं. खानोलकरांनी तुकड्यासोबत माणसाची सवयही बघितली. १९४५ मध्ये त्यांनी मांडलं, की खालच्या ओठाच्या खाचेत चुना-तंबाखू धरणाऱ्यांना कॅन्सर त्याच खाचेत होतो. चुट्टा पेटतं टोक तोंडात घालून ओढणाऱ्यांना टाळूला होतो. आणि कमरेला घट्ट धोतर नेसणाऱ्यांना चक्क कमरेला! पुढे १९५५ मध्ये डॉ. संघवींसोबतचा त्यांचा तंबाखूवरचा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला.

पण तोंडातला एक कॅन्सर या हिशोबात बसत नाही. म्युकोसल मेलेनोमा. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी तोंड, नाक, गुदद्वार, योनी यांच्या आतल्या ओलसर अस्तरातही असतात. तिथे हा होतो, अगदी क्वचित. तिथे ऊन पोचत नाही आणि तंबाखूवरही ठामपणे बोट ठेवता येत नाही. तोंडात तो बहुतेक वेळा टाळूवर किंवा वरच्या हिरडीवर येतो, सुरुवातीला दुखत नाही. मशेरी लावणाऱ्या बाईच्या तोंडातला काळा डाग मशेरीचाच म्हणून सोडून देणं किती सोपं आहे बघा. आपल्याकडे हिरड्या मुळात काळसर असतात आणि बहुतेक डाग साधेच निघतात. पण नवा, वाढणारा किंवा रक्त येणारा डाग असेल तर तुकडा तपासल्याशिवाय कळत नाही. म्हणजे पुन्हा खानोलकरांचाच मायक्रोस्कोप.

१९५२ मध्ये त्यांनी इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभारलं. १९५४ मध्ये पद्मभूषण मिळालं, नंतर ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. २९ ऑक्टोबर १९७८ ला ते गेले. म्युकोसल मेलेनोमा नेमका तिथेच का होतो, याचं पक्कं उत्तर अजून सापडलेलं नाही.