गोरिलांच्या डोंगरावरील डायन फॉसी

डायन फॉसी हे नाव घेतले की वर्गात हशा पिकतो. हिंदीत डायन म्हणजे चेटकीण ना! गंमत अशी की, चोरट्या शिकाऱ्यांना घाबरवण्यासाठी या बाईंनी मुखवटे लावून खरोखरच चेटकिणीचे सोंग घेतले होते.

त्यांचा जन्म १६ जानेवारी १९३२ रोजी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. प्राण्यांची आवड म्हणून पशुवैद्यकाच्या अभ्यासाला गेल्या, पण भौतिक व रसायनशास्त्रात गाडी अडली. (पालकांनी ही ओळ कृपया दोनदा वाचावी.) मग व्यवसायोपचाराची पदवी घेऊन त्या लुइव्हिल येथे अपंग मुलांच्या रुग्णालयात काम करू लागल्या. १९६३ मध्ये कर्ज काढून आफ्रिका पाहून आल्या. तेथे त्यांना डॉ. लुई लीकी भेटले. जेन गुडॉल यांना चिंपांझींच्या अभ्यासासाठी गोम्बेच्या जंगलात पाठवणारे तेच हे लीकी. १९६६ मध्ये त्यांनी फॉसींना गोरिलांचे काम देऊ केले आणि जंगलात जाण्यापूर्वी अपेंडिक्स काढून घ्या, असेही सांगितले. बाईंनी शस्त्रक्रिया करून घेतली. त्यानंतर लीकींचे पत्र आले की, तो केवळ निश्चय पाहण्याचा प्रयोग होता!

काँगोत काम सुरू झाले, पण तेथील अशांततेमुळे सहा-सात महिन्यांतच निघावे लागले. २४ सप्टेंबर १९६७ रोजी रवांडात, कारिसिंबी आणि विसोके या ज्वालामुखींच्या मध्ये त्यांनी तळ उभारला. दोन्ही नावे जोडून तो झाला कारिसोके.

आमच्या शाळकरी हिंदी पुस्तकांत गोरिला, चिंपांझी सारे एकच, वनमानुष! फॉसी मात्र प्रत्येक गोरिलाला नाकावरच्या सुरकुत्यांवरून वेगळा ओळखत. त्या गोरिलांसारख्याच रांगत, रानपाला चघळत, त्यांच्यासारखे समाधानाचे हुंकार काढत. १९७० मध्ये पीनट्स नावाच्या नराने आपण होऊन त्यांच्या हाताला स्पर्श केला. सिनेमातला हा राक्षस प्रत्यक्षात पाला खाणारा, कुटुंब सांभाळणारा प्राणी आहे, हे जगाला कळले. केंब्रिजने त्यांना डॉक्टरेट दिली.

पण हरणांसाठी लावलेल्या फाशांत गोरिलांचे हातपाय अडकत. ३१ डिसेंबर १९७७ रोजी त्यांचा लाडका डिजिट आपल्या कळपाला वाचवताना भाल्यांनी मारला गेला. शिकाऱ्यांनी त्याचे डोके आणि हात कापून नेले. त्यानंतर बाई बदलल्या. फासे तर त्या तोडतच, आता पकडलेल्या शिकाऱ्यांना मारझोडही होऊ लागली. हे आम्हाला पटत नाही. डोंगराखालच्या गरीब शेतकऱ्यांशी त्यांचे कधी जमले नाही. पर्यटकांनाही त्यांचा विरोध होता, आणि पुढे पर्यटनाच्या पैशानेच गोरिलांना मोठा आधार दिला. तरी इतकेही खरे की, त्या तेथे ठाण मांडून बसल्या नसत्या तर दाखवायला गोरिला उरले असते की नाही, कोण जाणे.

डिसेंबर १९८५ च्या अखेरीस त्यांच्याच झोपडीत त्यांचा खून झाला. तो कोणी केला, याचा वाद आजही मिटलेला नाही. १९८० च्या सुमारास विरुंगा डोंगरांत अडीचशेच्या आसपास गोरिला उरले होते. २०१५-१६ च्या गणनेत ते ६०४ भरले.

फॉसी यांना कारिसोके येथेच, त्यांनी स्वतः केलेल्या गोरिलांच्या दफनभूमीत, डिजिटच्या शेजारी पुरले आहे.